दुसरा, तिसरा टीव्ही नेटवर्कला जोडायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राऊटर तळमजल्यावर आहे आणि त्याच्या शेजारचा टीव्ही सुरळीत चालतो. आता आणखी दोन जोडायचेत, एक आतल्या खोलीत आणि एक वरच्या मजल्यावर. वरचा वायफायवर लावून पाहिला तर चित्र मधूनमधून थबकतं, आणि फोनवरून त्यावर व्हिडिओ पाठवायला जावं तर यादीत तो टीव्ही दिसतच नाही. प्लॅन १०० एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचा) आहे. एक जण सांगतो प्लॅन वाढवा, दुसरा सांगतो रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लावा. ऐकायचं कुणाचं?

सध्या तरी कुणाचंच नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी आहेत. चित्र थबकतं ते राऊटरपासून वरच्या खोलीपर्यंतचा मार्ग कमकुवत आहे म्हणून, आणि फोनला टीव्ही दिसत नाही तो घरातलं नेटवर्क कुठेतरी दुभंगलंय म्हणून. दोन्ही दोष घरातलेच, त्यामुळे प्लॅन वाढवून यातलं काहीच सुटणार नाही.

आधी हिशेब करू. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. बाकीच्या सेवा थोड्या पुढे-मागे असतील, म्हणून फोरकेला सढळ हाताने २५ धरा. तिन्ही टीव्ही एकाच वेळी फोरकेवर लावले तरी ७५ झाले. म्हणजे १०० च्या प्लॅनमध्ये तीन टीव्ही बसतात आणि फोनसाठीही थोडं उरतं. खात्री करायची तर लॅपटॉप केबलने राऊटरला जोडून वेग मोजा, मग तोच लॅपटॉप वरच्या टीव्हीच्या अगदी शेजारी नेऊन वायफायवर मोजा. खाली ९० च्या पुढे आणि वर ८-१० असं दिसलं, तर मधले ८० घरातच गळतायत. प्लॅन ३०० चा केला तरी वर ८-१० च पोचतील. ही मोजणी संध्याकाळी, सगळे घरी असताना करा. दुपारी रिकाम्या घरात आकडे नेहमीच चांगले येतात.

खरेदीला निघण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवा: प्रत्येक टीव्हीवर चित्र नक्की येणार कुठून? इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ॲपमधून बघणार असाल तर नेटवर्क पुरेसं आहे. पण वरच्या टीव्हीवर डिशचे चॅनेलही हवे असतील, तर टीव्ही राऊटरला जोडल्याने ते आपोआप येणार नाहीत. त्याला वेगळा सेट टॉप बॉक्स आणि डिशकडून वेगळी केबल लागेल. डिशची केबल साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्सना वाटताही येत नाही. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून एलएनबी कोणत्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे लहरींच्या कोणत्या गटाचे, चॅनेल द्यायचे ते ठरवतो. एका खोलीतला बॉक्स १३ मागतोय आणि दुसरा १८, तर एकाचे चॅनेल गायब होणारच. त्यासाठी दोन किंवा चार आउटपुटचा एलएनबी, नाहीतर मल्टीस्विच (एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारं यंत्र) हवा. केबल टीव्हीच्या किंवा साध्या अँटेनाच्या तारेला स्प्लिटर चालतो, पण दोन फाटे केले की प्रत्येकाला निम्म्याहून जरा कमीच सिग्नल मिळतो. म्हणून गरजेपुरतेच फाटे काढा, ‘असू दे’ म्हणून आठ तोंडांचा स्प्लिटर लावू नका. दोन्ही टीव्हीवर एकाच बॉक्सचं तेच चित्र चालणार असेल तर एचडीएमआय स्प्लिटर पुरतो. वेगवेगळे चॅनेल हवे असतील तर तो कामाचा नाही.

आता मुख्य काम, केबल. टीव्ही एकदा भिंतीवर चढला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो, आणि जे जागेवरून हलत नाही त्याला तार द्यावी या मताचा मी आहे. प्रत्येक टीव्ही तारेवर गेला की वायफाय त्याच्यापुरतं मोकळं होतं आणि त्याचा फायदा घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना मिळतो. राऊटरवर एखादं पोर्ट मोकळं असेल तर वरच्या मजल्यापर्यंत एक केबल न्या आणि तिथे पाच पोर्टचा साधा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक जोडण्या करणारा डबा, ठेवा. स्विचला कुठलंही सेटिंग करावं लागत नाही, वीज दिली की चालू. टीव्ही, गेमिंग कन्सोल, पुढे कधी लागला तर वायफायचा ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून तिथे वायफाय देणारं यंत्र), सगळं त्यातच जोडता येतं. फक्त एक जपा: एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये जाऊ देऊ नका. साफसफाई करताना मोकळं टोक दिसतं, कुणीतरी ‘हे निघालंय वाटतं’ म्हणून खोचतं, आणि तेवढ्यावर घरभराचं नेटवर्क आडवं होतं.

केबल कॅट ५ई घेतली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतं, म्हणजे घरासाठी भरपूर. भिंतीत कायमची घालणार असाल तर कॅट ६ घ्या, कारण काम केबलचं नसतं, ती ओढण्याचं असतं आणि ते पुन्हा पुन्हा करायचं नसतं. कोणतीही घ्या, पण शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल दिसायला तशीच असते, हातात मात्र हलकी लागते. आतली तार ब्लेडने खरवडली की पांढुरकी निघते. वाकवली की ती तुटते आणि पिनेत नीट धरत नाही. भिंतीतून नेताना विजेच्या तारांच्या पाईपमधून नेऊ नका. सिग्नलमध्ये खरखर येते हे त्यातलं गौण कारण. खरा धोका असा, की विजेच्या तारेचं आवरण गेलं तर वीज थेट नेटवर्कच्या तारेत उतरू शकते. विजेच्या तारा ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडा. वेगळा पाईप नसेल तर जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून न्या, थोडी दिसेल, चालतं. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची वेळ आली तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची केबल वापरा आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवा, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत घरात येणार नाही. आणि एक ओढताय तिथे दोन ओढा. शक्य असेल तर सोबत एक मोकळी दोरीही पाईपमध्ये सोडून ठेवा, पुढच्या वेळी तीच कामाला येईल.

यापुढचा मुद्दा टीव्ही विकणारे सहसा सांगत नाहीत. नव्या, महागड्या टीव्हींमध्येही केबलचं पोर्ट बरेचदा १०० एमबीपीएसचंच असतं, गिगाबिट नसतं. प्रत्यक्षात त्यातून साधारण ९४-९५ एमबीपीएस मिळतात. त्यामुळे मोठा प्लॅन असलेल्या घरी वेग मोजल्यावर गंमत दिसते: त्याच टीव्हीवर वायफाय २०० दाखवतं आणि केबल ९४. लोक केबल काढून टाकतात. काढू नका. ॲपमधल्या फोरकेला २५ पुरतात, म्हणून इथे मोठ्या आकड्यापेक्षा न डळमळणारा आकडा जास्त उपयोगाचा. वायफायचे २०० शेजारच्या घरातला राऊटर जोरात आला की ३० होतात, केबलचे ९४ रात्रंदिवस ९४ राहतात. अपवाद एकच: घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) फोरके ब्लू-रेच्या मूळ दर्जाच्या फाइल ठेवून त्या टीव्हीवर बघणारे. त्या डिस्कचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत चढू शकतो आणि नेमक्या धामधुमीच्या दृश्यात चित्र अडतं. त्यांनी गिगाबिट पोर्टचा वेगळा मीडिया बॉक्स घ्यावा. काही अँड्रॉइड टीव्ही यूएसबीमधून चालणारा गिगाबिट ॲडाप्टर ओळखतात, पण सगळे नाही, त्यामुळे परत करता येईल असाच घ्या.

या १०० च्या पोर्टमुळे आणखी एक दोष दडून राहतो. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. १०० एमबीपीएसचं काम दोनच जोड्यांवर, म्हणजे १, २, ३ आणि ६ या पिनांवर भागतं. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी क्रिम्प करताना (टोकाला पिन बसवताना) नीट बसली नसेल तरी टीव्ही निमूटपणे चालत राहतो. दोन वर्षांनी तिथे ॲक्सेस पॉइंट लावला की तो १०० च्या वर जात नाही आणि कुणाला कारण उमगत नाही. म्हणून केबल टाकून झाल्यावर टीव्ही लावून ‘चाललं’ म्हणू नका. आधी गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप जोडून जोडणी १००० ची लागते का ते बघा आणि मगच काम करणाऱ्याला मोकळं करा.

केबल ओढणं खरोखरच अशक्य असेल तर पुढचे पर्याय मी या क्रमाने बघतो. भिंतीत जुनी कोॲक्स केबल असेल, म्हणजे टीव्हीच्या गोल पिनेची, तर तिच्या दोन्ही टोकांना मोका ॲडाप्टर लावून चांगलं नेटवर्क नेता येतं, मोका २.५ हे मानक कागदावर २.५ जीबीपीएसपर्यंत जातं आणि स्थिरपणात जवळजवळ केबलच्या तोडीचं आहे. अडचण एवढीच, की मोका साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये. म्हणून डिश चालू असलेल्या तारेवर ते लावायचं नाही. ती तार पूर्ण रिकामी हवी. वाटेत जुना स्प्लिटर असेल तर त्याच्यावर किती मेगाहर्ट्झ लिहिलंय ते वाचा. १००० लिहिलं असेल तर बदला.

विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन ॲडाप्टर हा त्यानंतरचा पर्याय, आणि तो मी नाइलाजानेच सुचवतो. डब्यावर हजार-दोन हजार लिहिलेलं असतं, हातात त्याचा लहानसा हिस्सा पडतो. एका टीव्हीला तेवढा पुरेल. पण ॲडाप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन बोर्डमध्ये नको. दोन टोकं वेगवेगळ्या फेजवर असतील तर जोडणी रडतखडत चालते किंवा लागतच नाही, आणि घरातली एखादी मोटर सुरू झाली की वेग कोसळतो.

रिपीटर मात्र खरंच नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग तिथेच निम्मा होतो. शिवाय लोक तो अशा जागी लावतात जिथे वायफाय मुळातच मरगळलेलं असतं. मग टीव्हीवर सिग्नलचे सगळे दांडे भरलेले दिसतात आणि चित्र तरीही अडकतं, कारण ते दांडे रिपीटरपर्यंतचे असतात, त्यामागच्या वाटेचे नसतात. मेश (आपसात जोडलेल्या वायफाय युनिटांचा संच) घ्यायचंच असेल तर आपसात बोलायला वेगळा रेडिओ असलेलं घ्या, आणि वरचं युनिट जिन्याच्या तोंडाशी ठेवा, टीव्हीमागे नको. टीव्हीला त्याच युनिटच्या पोर्टमधून केबलने जोडता आलं तर उत्तम.

आतल्या खोलीतला टीव्ही राऊटरपासून एकच भिंत पलीकडे असेल तर तो वायफायवर राहू शकतो. पण त्याला ५ गिगाहर्ट्झवर बसवा. दोन्ही पट्ट्यांना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव दिलेलं असेल तर काही टीव्ही २.४ ला चिकटतात आणि तिथून हलत नाहीत, म्हणून ५ ला वेगळं नाव देऊन टीव्हीत फक्त तेवढंच जतन करा. टीव्हीला ५ चं नाव दिसतच नसेल तर राऊटरचा वायफाय चॅनेल (पट्ट्यातला ठरावीक कप्पा, टीव्हीचा चॅनेल नव्हे) बघा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात आणि काही टीव्ही ते धरत नाहीत. ३६ ते ४८ पैकी एक निवडा. जुना टीव्ही फक्त २.४ च जाणत असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल घ्या. या तिघांखेरीज इतर चॅनेल शेजाऱ्यांच्या अंगावर जातात. फोनवरच्या वायफाय ॲपने टीव्हीच्या जागी सिग्नल मोजा: उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओ निर्धास्त चालतो, उणे ७५ ला अपेक्षाच ठेवू नका. टीव्हीच्या मागे खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्याच पत्र्याआड दडते. सोबत येणारी छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन वायर लावून तिला कडेला काढा. तिला वीजही टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका, तिच्या स्वतःच्या चार्जरवरून द्या, नाहीतर मधूनच ती बंद पडून पुन्हा सुरू होईल. टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली असेल तर तीही २.४ च्या पट्ट्यात खरखर करते. हा त्रास इंटेलने २०१२ मध्येच मोजून मांडला होता, पण वायफाय गेलं की डिस्कवर संशय कुणाचा जात नाही.

आता तुमची दुसरी तक्रार, फोनला टीव्ही न दिसण्याची. फोन टीव्हीला शोधतो तेव्हा नेटवर्कभर हाळी घालतो: एक पद्धत २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, दुसरी २३९.२५५.२५५.२५० वर. ही हाळी एका नेटवर्कच्या हद्दीतच ऐकू जाते, राऊटर ओलांडत नाही. वरच्या मजल्यावर कुणी जुना राऊटर ‘वायफाय वाढवायला’ म्हणून लावलेला असतो, त्याच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्ये खालून आलेली केबल असते, आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. ओळखायची खूण सोपी: फोनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२० आणि टीव्हीचा १९२.१६८.०.१५ असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर घरात दोन नेटवर्क आहेत. वरच्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला खालच्या नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता द्या आणि केबल वॅनमधून काढून लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये घाला. पत्ता खालच्या राऊटरचाच देऊ नका, नाहीतर दोघं भांडतील.

आकडे सारखे असूनही टीव्ही दिसत नसेल तर तीन ठिकाणी बघा: टीव्ही गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर बसलाय का, राऊटरमध्ये क्लायंट आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू आहे का, आणि फोनवर व्हीपीएन (फोनची रहदारी बाहेरच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू राहिलंय का. तिसरं कारण सगळ्यात शेवटी सुचतं आणि वारंवार तेच निघतं. टीव्हीने घरातल्या बाकी उपकरणांवर पाळत ठेवू नये म्हणून काही जण मुद्दाम तो गेस्टवर ठेवतात. विचार रास्त आहे, पण मग फोनवरून पाठवणं सोडावं लागतं.

इंटरनेट कंपनीची आयपीटीव्ही (नेटवर्कवरून टीव्ही चॅनेल देणारी) सेवा घेतली असेल तर वर सांगितलेल्या स्विचमध्ये एक बदल करावा लागेल. ते चॅनेल बरेचदा मल्टिकास्टने (एकच प्रवाह अनेकांना एकदम पाठवून) येतात, आणि साधा स्विच मल्टिकास्ट प्रत्येक पोर्टवर ओततो. त्याच स्विचवर वायफाय असेल तर ते गुदमरतं, कारण वायफायवर मल्टिकास्ट सर्वांत मंद गतीने जातं. अशा घरी आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देण्याची सोय) असलेला स्विच घ्या.

जोडणी झाली की राऊटरमध्ये तिन्ही टीव्हींचे पत्ते राखून ठेवा आणि नावं द्या, म्हणजे कुठला टीव्ही कुठला ते पुढे शोधत बसावं लागणार नाही. जुना टीव्ही पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नसेल तर राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) वर आहे का बघा आणि ती डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र करा. नेटवर्क जोडलं गेलंय पण एकही ॲप उघडत नाही, अशी तक्रार असेल तर टीव्हीतली तारीख तपासा. बरेच दिवस प्लग काढून ठेवलेल्या टीव्हीचं घड्याळ मागे पडतं, आणि चुकीच्या तारखेला सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्याला अवैध वाटतात. पडद्यावर मात्र ‘इंटरनेट नाही’ एवढंच लिहून येतं. आणि दोन टीव्ही चालू असताना तिसऱ्यावर ‘एकाच वेळी इतक्याच स्क्रीनवर पाहता येईल’ असं आलं, तर केबल हलवू नका, राऊटरही बंद-चालू करू नका. ती मर्यादा त्या ॲपच्या वर्गणीची असते आणि ती खात्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेली सापडेल.